माध्यमसाक्षरतेचे देशांतर : प्रस्तावना

पश्चिम जर्मनीतील ग्रूनवाल्ड या गावी २२ जानेवारी १९८२ रोजी युनेस्कोच्या विद्यमाने १९ राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र जमले. वृत्तपत्रे, नभोवाणी, चित्रपट व दूरचित्रवाणी ही साधने ज्या काळात मुलांच्या मनाची घडण शाळेच्या बरोबरीने करू लागली आहेत, त्या काळात या साधनांचे ग्रहण डोळसपणे कसे करावे हे शिकविण्याची जबाबदारी राज्यसंस्थेने व शिक्षणसंस्थेने अंगावर घेतली पाहिजे, असा जाहीरनामा त्यांनी एकमताने प्रसृत केला. माध्यमसाक्षरता या नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या विषयाची आंतरराष्ट्रीय सनद म्हणून या दस्तऐवजाचा निर्देश करण्याचा शिरस्ता आहे, आणि तो वावगा नाही. परंतु त्या सनदेमागचे अध्यापनशास्त्र बव्हंशी इंग्लंड, कॅनडा व पश्चिम युरोप येथील वर्गांत घडले होते. ते दक्षिण अमेरिका, आफ्रिका व आशिया या खंडांत पोहोचले तेव्हा तेथील शिक्षकांनी त्यातले काय ठेवले, काय टाकले आणि काय नव्याने घडविले, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

त्या शास्त्राची कुळकथा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९३३ साली एफ. आर. लीव्हिस व डेनिस थॉम्पसन या दोघा इंग्रज समीक्षकांनी शाळांसाठी एक पुस्तक लिहिले आणि जाहिराती, खपाऊ कादंबऱ्या व सवंग वृत्तपत्रे यांतील भाषेची लबाडी विद्यार्थ्यांकडूनच उघडी करवून घेण्याची रीत घालून दिली. उच्च अभिरुचीचे रक्षण हा त्यांचा हेतू होता. पुढे अर्धशतकाने, १९८५ साली, लेन मास्टरमन यांनी हा संरक्षक पवित्रा टाकून दिला. माध्यमांतून आपल्यासमोर येते ते वास्तवाचे प्रतिबिंब नव्हे, ती कोणीतरी केलेली रचना असते, हे तत्त्व त्यांनी पायाशी घातले. ही रचना कोणी केली, कोणाच्या पैशाने केली, कोणत्या हेतूने केली आणि तीतून काय वगळले, हे प्रश्न विचारण्याची सवय म्हणजे माध्यमशिक्षण, अशी त्यांची भूमिका होती. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने १९८७ साली हा विषय शालेय अभ्यासक्रमात अनिवार्य केला, आणि तेथे तयार झालेली शिक्षकांची मार्गदर्शिका नंतर जपानपर्यंत जाऊन पोहोचली.

या परंपरेचे ऋण मोठे आहे आणि पुढील प्रकरणांत ते पदोपदी मान्य केले आहे. पण तिने मनात धरलेला वाचक कोण, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. हा वाचक एकटा आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेले वर्तमानपत्र तो स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या सवडीने वाचतो. त्याची अक्षरओळख पक्की आहे. त्याच्यापाशी दुसरे वर्तमानपत्र, ग्रंथालय, ज्ञानकोश ही ताडून पाहण्याची साधने आहेत. आणि ज्या संस्थेने तो मजकूर छापला तिच्याशी त्याचे नाते नाही की देणेघेणे नाही, त्यामुळे तिच्यावर अविश्वास दाखविल्याने त्याचे काहीच बिघडत नाही. त्याच्या ठायी उणीव आहे ती फक्त संशयाची, आणि तेवढी भरून काढली की शिक्षण पुरे झाले, असे या शास्त्रातील बहुतेक पाठ धरून चालतात.

असा वाचक पश्चिमेतही सर्वत्र होता असे नाही. परंतु आशिया-आफ्रिकेतील असंख्य घरांत बातमी येते ती थोरल्या मामांकडून, सरपंचांकडून, मशिदीतील इमामांकडून, देवळातील पुजाऱ्याकडून, भिशीतल्या मैत्रिणीकडून. ती लिहिलेली असतेच असे नाही. पुष्कळदा ती ध्वनिमुद्रित आवाजाच्या किंवा चित्रफितीच्या रूपाने येते, घरातल्या एकुलत्या एका फोनवर येते, आणि चारचौघांत ऐकली व पाहिली जाते. तिला खोटे म्हणणे म्हणजे जेवणाच्या पंगतीत मामांना खोटे पाडणे होय. ज्या समाजात औषधपाण्यापासून सोयरिकीपर्यंत आणि नोकरीच्या शिफारशीपासून अंत्यविधीपर्यंत सारा प्रपंच या माणसांच्याच आधाराने चालतो, तेथे संशयाची किंमत फार मोठी असते, आणि ती न मोजता केलेला उपदेश ऐकणाऱ्याच्या कानावरून जातो.

याचा प्रत्यय भारतातच आला. फेसबुकने २०१७ साली खोटी बातमी ओळखण्याच्या काही सूचना प्रसिद्ध केल्या होत्या: मथळ्यावर भुलू नका, दुव्याचा पत्ता बारकाईने पाहा, तारीख तपासा, आणि अशाच इतर. या सूचनांचा परिणाम संशोधकांनी अमेरिकेत व भारतात मोजला आणि निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध केले. सूचना वाचल्यावर खऱ्याखोट्यातील भेद ओळखण्याची क्षमता अमेरिकेत २६.५ टक्क्यांनी व भारतातील सुशिक्षित, इंटरनेट वापरणाऱ्या वर्गात १७.५ टक्क्यांनी वाढली. उत्तर प्रदेशाच्या बहुतांश ग्रामीण भागात घरोघरी जाऊन हीच परीक्षा घेतली तेव्हा काहीही फरक आढळला नाही. यात नवल ते काय? फोनवर आलेल्या चित्रफितीला मथळा नसतो, तारीख नसते, दुव्याचा पत्ताही नसतो. आणखी एक प्रयोग बिहारमधील गया येथे २०१९ च्या निवडणुकीच्या सुमारास सुमित्रा बद्रिनाथन यांनी केला. १,२२४ नागरिकांपैकी काहींना घरी जाऊन सुमारे तासभर प्रशिक्षण दिले गेले, त्यात चित्रांचा उगम शोधण्यासारखी साधनेही होती. सरासरीने पाहता उपयोग झालेला दिसला नाही. सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांत तर स्वपक्षाला अनुकूल असलेल्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता उलट घटलेली आढळली. एका तासात माणसाच्या निष्ठा हलत नाहीत, त्या डिवचल्या मात्र जातात.

खोट्या वार्तेचे केवढे दारुण मोल द्यावे लागते हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी त्या रविवारी आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, ही मुले पळविणारी टोळी आहे अशा समजुतीने, जमावाने घेरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठार मारले. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या वार्ता त्या काळात व्हॉट्सॲपवरून देशभर पसरल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर अनेक ठिकाणी फिरत असलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला खाली उतरवितात आणि कराचीच्या रस्त्यावरून मूल नाहीसे व्हायला किती थोडा वेळ पुरतो हे सांगणारा फलक प्रेक्षकांसमोर धरतात. पालकांनी सावध राहावे म्हणून काढलेली ती जाहिरात होती. शेवटचे ते क्षण कोणीतरी कापून टाकले, आणि उरलेली फीत सीमा ओलांडून आली.

ज्यांनी ही फीत पुढे पाठविली त्यांतील बहुतेकांनी ती शेजाऱ्यांच्या मुलांच्या काळजीपोटी पाठविली असली पाहिजे, असे मी मानतो. त्यांच्या लेखी ते परोपकाराचे कृत्य होते. अशा माणसाला 'संशय घ्या' असे सांगून काय साधणार? त्याच्या काळजीलाच शहानिशेची वाट दाखवावी लागते. सरकारदरबारी मात्र यावर ठरलेला बंदोबस्त झाला: अफवांवर विश्वास ठेवू नका, अशी पोलिसांची आवाहने निघाली, ध्वनिक्षेपकांवरून सूचना देण्यात आल्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठविण्यास मनाई केली. ही शेवटची तजवीज उपयोगी होती. आवाहनांविषयी तसे म्हणवत नाही, कारण अफवा कोणती व वार्ता कोणती हे ओळखण्याचे साधन ती कोणाच्याही हाती देत नाहीत. हुकूम पाळावा एवढेच सांगतात.

आता जेथे हे शास्त्र खरोखर नव्याने घडविले गेले त्या देशांकडे वळतो, आणि त्यांत अग्रमान दक्षिण अमेरिकेचा आहे. ब्राझीलच्या ईशान्येस, रिओ ग्रांदे दो नॉर्ते या प्रांतातील आंजिकोस नामक अवर्षणग्रस्त गावी १९६३ साली पाउलो फ्रेरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३०० श्रमिकांना ४० तासांत लिहावयास व वाचावयास शिकविण्याचा प्रयोग केला. निरक्षरांना ब्राझीलमध्ये तेव्हा मताधिकार नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या ४० तासांचा अर्थ कळतो. हे वर्ग 'संस्कृतिमंडळ' म्हणून ओळखले जात. त्यांत अक्षरे येण्यापूर्वी भिंतीवर चित्रे दाखविली जात: शेतकरी व त्याची कुदळ, विहीर, घर, मातीची भांडी घडविणारे लोक. या चित्रातले निसर्गाने दिलेले काय आणि माणसाने केलेले काय, असा प्रश्न विचारला जाई, आणि मंडळातला प्रत्येक जण आपल्या अनुभवातून उत्तर शोधी. विहीर माणसाने खणली, घर माणसाने बांधले. तर मग मजुरीचा दर, जमिनीची वाटणी, आपले निरक्षर राहणे, याही माणसांनीच केलेल्या गोष्टी आहेत, हे त्या चर्चेतून आपोआप निघे. त्यानंतर त्यांच्याच जीवनातला एखादा शब्द घ्यावयाचा, त्याची अक्षरे सुटी करावयाची, आणि त्या अक्षरांपासून नवे शब्द त्यांच्याकडूनच रचवून घ्यावयाचे. प्रयोगाच्या समारोपास खुद्द राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार्त उपस्थित होते. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता बळकावली, फ्रेरे यांना तुरुंगात टाकले आणि मग देशाबाहेर जावे लागले. त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ चिलीतील विजनवासात लिहिला गेला.

बातमी ही रचना आहे, असे मास्टरमन १९८५ साली इंग्लंडमधील शिक्षकांना सांगत होते. जग ही रचना आहे आणि ती रचण्यात आपलाही हात असू शकतो, हे आंजिकोसच्या श्रमिकांनी त्याच्या दोन दशके आधी भिंतीवरील चित्रांवरून ओळखले होते. आणि मास्टरमन यांनी स्वतः फ्रेरे यांचे ऋण मानले आहे, ही गोष्ट पूर्वेकडे व दक्षिणेकडे विद्या नेहमी पश्चिमेकडूनच येते असे समजणाऱ्यांनी विसरू नये.

फ्रेरे यांचा विषय मुख्यतः अक्षरओळखीचा. तो ध्वनिमाध्यमांत नेण्याचे श्रेय अर्जेंटिनात जन्मलेल्या व उरुग्वेला आपली कर्मभूमी करणाऱ्या मारिओ काप्लुन यांना दिले पाहिजे. त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांसाठी बसविलेली पद्धत इतकी साधी आहे की तिचे वर्णन केल्यावाचून राहवत नाही. दूरदूरच्या गावांतील शेतकरी गटांकडे एक ध्वनिफीत पाठविली जाई. तिच्या एका बाजूस सहकारी संस्थेपुढील एखादा प्रश्न मांडलेला असे. दुसरी बाजू कोरी ठेवलेली असे. गटाने एकत्र बसून पहिली बाजू ऐकावी, आपसांत वाद घालावा, आणि आपले मत त्या कोऱ्या बाजूवर मुद्रित करून फीत परत धाडावी. सर्व गटांच्या फिती आल्या की त्यांतील मते, मतभेद व प्रश्न एकत्र करून पुढची फीत तयार होई आणि पुन्हा गावोगाव जाई. ज्याने आयुष्यभर नभोवाणी केवळ ऐकली त्या शेतकऱ्याचा आवाज असा शेजारच्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या कानी पडे. आपले दहा मिनिटांचे बोलणे संकलित होऊन दोन मिनिटांवर आले की काय गळते आणि काय उरते, हे ज्याला एकदा उमगले त्याला बातमीतून काय वगळले असेल हा प्रश्न कोणी शिकवावा लागत नाही.

याच विचारातून ब्राझीलमध्ये 'एदुकोमुनिकासाव' हे शिक्षण व संज्ञापन यांना जोडणारे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. साऊ पावलू विद्यापीठातील इस्मार द ऑलिव्हेरा सोआरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००४ या काळात त्या महानगराच्या ४५५ सरकारी शाळांत मुलांच्या हाती नभोवाणी दिली. शाळांतील हिंसाचार कमी व्हावा हा त्या उपक्रमाचा मूळ हेतू होता. आणि जी मुले एरवी भिंतींवर व एकमेकांवर राग काढीत होती ती मधल्या सुट्टीत शाळेचे बातमीपत्र वाचू लागली.

ज्याला कोणी ऐकत नाही त्याला बोलण्याची सत्ता मिळाल्याखेरीज ऐकण्याचे शहाणपण पुरे होत नाही, हा जो दक्षिण अमेरिकेचा सिद्धांत, तो मराठी वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा पहिल्याच अंकातील अग्रलेखात त्यांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांची चिकित्सा केली: त्यांतील बरीचशी विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात आणि इतर जातींच्या हिताची त्यांना पर्वा नसते, हा त्यांचा आक्षेप होता. वृत्तपत्र कोणाचे, कोणासाठी, आणि कोणाला वगळून, हे तिन्ही प्रश्न त्यात आले. आणि त्या प्रश्नांचे उत्तर म्हणून नवे वृत्तपत्रच उभे राहिले. माध्यमसाक्षरतेच्या इतिहासाच्या इंग्रजी ग्रंथांत लीव्हिस यांचे १९३३ सालचे पुस्तक आद्य मानले जाते. माझ्या मते 'मूकनायका'च्या त्या अग्रलेखाला त्याच्या आधीचे स्थान मिळाले पाहिजे.

आफ्रिकेतील एक प्रयोग मी या पुस्तकात सर्वांत विस्ताराने दिला आहे, आणि त्याचे कारण येथे सांगतो. युगांडातील तरुण संशोधक व नॉर्वेतील काही वैद्यकतज्ज्ञ यांनी मिळून दहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी चित्रकथेच्या रूपाने एक पाठ्यपुस्तक तयार केले. आजारपण व उपचार यांविषयी कानावर येणारे दावे तपासावे कसे, हा त्याचा विषय. बहुतेक शाळांत संगणक नव्हते व विजेचा भरवसा नव्हता, म्हणून छापील पुस्तकच योग्य ठरले. त्यात जॉन व ज्यूली ही भावंडे आहेत, आणि कासुकू नावाचा एक पोपट आहे. पोपट ऐकलेले ऐकल्याप्रमाणे बोलत सुटतो, हीच त्याची कथेतील कामगिरी. जॉनचे बोट भाजते. भाजल्यावर गाईचे शेण लावावे, त्याने जखम बरी होते, असा सल्ला मिळतो. मग प्रश्न उभा राहतो की हे कशावरून? कोणी एकाने लावले व त्याला बरे वाटले, यावरून? पुष्कळ लोक पिढ्यान्‌पिढ्या लावत आले, यावरून? की लावलेले व न लावलेले असे दोन सारखे गट घेऊन कोणी ताडून पाहिले आहे, यावरून?

पुस्तक वाचताना जी गोष्ट माझ्या मनात भरली ती अशी की, हा प्रश्न सल्ला देणाऱ्या माणसाला उद्देशून विचारलेला नाही, तो दाव्याला विचारलेला आहे. सल्ला देणारा वडीलधारा खोटारडा आहे, अडाणी आहे, असे कथेत कोठेही सुचविलेले नाही; त्याचा मान जेथल्या तेथे राहतो, फक्त 'कशावरून' एवढी विचारणा मध्ये येते, आणि ती वर्गातली सारी मुले मिळून करतात. युगांडाच्या मध्य भागातील १२० शाळांतील दहा हजारांहून अधिक मुलांवर या पुस्तकाची रीतसर चाचणी झाली. एका सत्रात ८० मिनिटांचे नऊ पाठ घेतले गेले. निकाल २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला: ज्यांनी हे पाठ घेतले त्यांतील ६९ टक्के मुले परीक्षेत उत्तीर्ण झाली, ज्यांनी घेतले नाहीत त्यांतील २७ टक्के. मुले एका वर्गात दाटीवाटीने बसलेली आणि शिक्षकांवर आधीच कामाचा बोजा, अशा परिस्थितीत हे साधले, हे विशेष.

ही युगांडाची रीत व आंजिकोसची रीत यांमध्ये अंतर पुष्कळ आहे. एक वैद्यकाच्या कसोटीवर उभी, दुसरी श्रमिकांच्या हक्कावर. तरी दोन्हींत एक गोष्ट समान दिसते, आणि तीच मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते. पश्चिमी पाठांनी संशय एकट्या वाचकाच्या मनात पेरला. या देशांनी शहानिशा हे मंडळाचे काम केले. एकट्याने मामांवर अविश्वास दाखविणे हा उद्धटपणा ठरतो. दहा जणांनी बसून मामांनी आणलेल्या वार्तेची खातरजमा करणे, आणि त्या दहांत मामांनाही जागा ठेवणे, हा जनरीतीत बसणारा व्यवहार होतो. ज्या समाजात निवाडा पंचांपुढे होत आला, कीर्तन समुदायाने ऐकले गेले आणि वर्तमानपत्रही चावडीवर एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे अशी वहिवाट होती, त्या समाजाला हे मंडळ परके नाही. मात्र त्या जुन्या पंचांत सर्वांना जागा नव्हती, स्त्रियांना नव्हती आणि गावकुसाबाहेरच्यांना तर नव्हतीच. म्हणून नवे मंडळ बसविताना जुनी वहिवाट जशीच्या तशी उचलून चालणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

भारतातील अलीकडचे अनुभव याला दुजोरा देतात. केरळातील कण्णूर जिल्ह्यात २०१७ साली गोवर-रुबेला लसीविषयी अफवा उठल्या आणि पालक मुलांना लस टोचून घेऊ देईनात. तेव्हा जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे १५० सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाचे पाठ सुरू केले. आलेला निरोप पुढे धाडण्यापूर्वी तो कोठून आला हे विचारण्याची सवय मुलांनी घरी नेली. बिहारात तर गयेच्या अपयशानंतर संशोधकांनी मार्गच बदलला. प्रौढांच्या घरी तासभर बसण्याऐवजी त्यांनी राज्य सरकारच्या यंत्रणेला बरोबर घेऊन ५८३ गावांतील १३,५०० विद्यार्थ्यांसाठी चार महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, आणि पक्षीय वादाऐवजी आरोग्यविषयक गैरसमजांपासून आरंभ केला. या मुलांची खरेखोटे पारखण्याची क्षमता वाढली, चार महिन्यांनंतरही टिकली, आरोग्यापुरती न राहता राजकीय वार्तांपर्यंत पोहोचली, आणि मुलांच्या पालकांतही सुधारणा दिसून आली. तेच राज्य, तीच भाषा, तोच विषय. फरक होता तो वेळेचा, वर्गातील सोबतीचा आणि सुरुवात कोठून करावी या विवेकाचा.

तैवानचे उदाहरण वयाच्या दुसऱ्या टोकाचे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथे समलिंगी विवाहावर सार्वमत झाले आणि त्या निमित्ताने फिरलेल्या खोट्या निरोपांवरून घराघरांत आईबाप व मुले यांच्यात तेढ आली. त्यातून 'फेक न्यूज क्लीनर' हे स्वयंसेवकांचे मंडळ निघाले. हे स्वयंसेवक वृद्धांना भेटतात ते देवळांच्या आवारात, बागांत व वस्तीच्या सभागृहांत. आधी त्यांच्या फोनच्या अडचणी सोडवितात, अक्षरे मोठी करून देतात, आणि ओळख जमल्यावर मग खोट्या निरोपांचा विषय काढतात. आपल्या मुलाने चारचौघांत सांगितले तर जे वर्मी लागते तेच परक्या पण आदराने वागणाऱ्या तरुणाकडून ऐकून घेता येते, हे त्यांनी बरोबर ओळखले.

फिलिपाइन्सने २०१६ पासून उच्च माध्यमिक शाळांत हा विषय ८० तासांचा अनिवार्य केला, आणि वेळापत्रकात हक्काची जागा मिळाल्याखेरीज कोणताही विषय तग धरीत नाही हे पाहता ती गोष्ट लहान नाही. पण सरकारी अभ्यासक्रमात शिरलेला विषय सरकारच्या मर्जीवरही अवलंबून राहतो. हाँगकाँगमध्ये २००९ पासून वरिष्ठ माध्यमिक शाळांत सक्तीच्या झालेल्या 'लिबरल स्टडीज' या विषयात विद्यार्थी चालू घडामोडींच्या बातम्या घेऊन त्यांच्या बाजू तपासत असत. २०१९ च्या आंदोलनानंतर तो विषय रद्द करण्यात आला व २०२१ पासून त्याच्या जागी नागरिकत्वाचा नवा विषय आला. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये असे प्रत्येक सरकारला वाटते. सरकारी निवेदनालाही 'कशावरून' असे विचारावे, हे थोड्याच सरकारांना रुचते. ज्या देशात हा दुसरा प्रश्न वर्गात विचारण्याची मुभा नाही, तेथील माध्यमशिक्षणाला मी माध्यमशिक्षण म्हणणार नाही, मग त्याचे पाठ्यपुस्तक कितीही देखणे असो.

हे पुस्तक मुख्यतः मराठी शाळांतील शिक्षकांसाठी लिहिले आहे. त्यांना माझी विनंती अशी की यातील युगांडाचे, ब्राझीलचे किंवा बिहारचे पाठ त्यांनी जसेच्या तसे वर्गात नेऊ नयेत. त्या आठवड्यात गावात खरोखर फिरलेला एखादा निरोप मुलांकडून मागवावा. तो कोणी पाठविला हे नाव फळ्यावर लिहू नये. वर्गाचे पाचसहा जणांचे गट करून प्रत्येक गटाला 'कशावरून' या एका प्रश्नाचा माग घेऊ द्यावा, मग तो माग आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडे जावो, तलाठी कार्यालयात जावो की वाचनालयातील जुन्या वर्तमानपत्रांकडे जावो. आणि मुलांना जे सापडेल ते त्यांच्याच आवाजात मुद्रित करून किंवा शाळेच्या भिंतीपत्रकात लिहून गावापुढे ठेवावे. राज्याच्या शिक्षण खात्याने यासाठी आठवड्याची एक तासिका राखून ठेवावी, शिक्षकांना त्या तासिकेपुरती जादा कारकुनीतून सूट द्यावी, आणि मुलांनी सरकारी निवेदन तपासायला घेतले तर शिक्षकाला जाब विचारू नये.